टॅपेटचा आवाज की एक्झॉस्टची गळती? मोटरसायकलच्या टिकटिकीचे निदान

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी, फ्युएल इंजेक्शनची मोटरसायकल आहे. थंड इंजिन सुरू केले की सिलिंडर हेडच्या पुढच्या बाजूने ‘टिक-टिक’ असा कोरडा आवाज येतो आणि पाच-सात मिनिटे चालवल्यावर तो बराच कमी होतो. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, दोनदा सेट करून झाले आहेत, फरक पडलेला नाही, आणि आता टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी इंजिनातली साखळी, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. ती बदलावी का?

तूर्त बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या तीन खुणा, म्हणजे थंडपणी जास्त असलेला आवाज, तापल्यावर होणारी घट आणि थ्रॉटल सोडल्यावरची फटफट, एकत्र पाहिल्या तर माझा पहिला संशय बेंड पाइप (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा वाकडा पाइप) जिथे सिलिंडर हेडला जोडला जातो त्या सांध्यावर जातो. संशय म्हणजे निदान नव्हे, हे खरे. परंतु हा संशय तपासायला अर्धा तास, थोडे साबणाचे पाणी आणि रबरी नळीचा एक तुकडा पुरतो, तर टायमिंग चेन तपासायला इंजिन उघडावे लागते. इंजिनाच्या आवाजाचा प्रश्न आला की मी स्वतःला आधी एकच गोष्ट विचारतो: हा आवाज वायूचा आहे की धातूचा? याचे उत्तर मिळेपर्यंत मी हेड कव्हरच्या बोल्टला पाना लावत नाही.

टॅपेट आणि एक्झॉस्टची गळती यांची गल्लत इतक्या वेळा का होते, याचे कारण दोघांच्या तालात आहे. फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि टॅपेटही एकदाच वाजतो. इंजिन आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, 1400 आरपीएमला (क्रँकच्या मिनिटाला 1400 फेऱ्या) चालत असेल, तर मिनिटाला 700 वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण बारा वेळा, बेंड पाइपमध्ये वायूचा झोत येतो. सांध्यात बारीकशी फट असेल तर त्या प्रत्येक झोताचा थोडा अंश फटीतून जोरात बाहेर पडतो आणि तो अगदी टॅपेट आपटल्यासारखा ऐकू येतो. दोन्ही आवाजांची लय एकच आणि जागाही जवळजवळ तीच, कारण व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्ट पोर्ट (हेडमधून धूर बाहेर पडण्याचे तोंड) यांच्यात जेमतेम वीतभर अंतर असते. नुसत्या कानाने फरक ओळखू असा दावा करणारे पुष्कळ भेटतात. मी तो करत नाही.

फरक दिसतो तो दोन ठिकाणी: तापमानात आणि भारात. इंजिन तापले की पाइप, फ्लँज (पाइप हेडला नटांनी आवळणारी कडा) आणि पोर्ट प्रसरण पावतात आणि बारीक फट आपोआप मिटते, म्हणून गळतीचा आवाज पहिल्या दोन-तीन मिनिटांत सर्वांत स्पष्ट असतो. सैल टॅपेटचा आवाज असा सहसा नाहीसा होत नाही. काही इंजिनांत तर तेल पातळ झाल्यावर तो वाढतो. भाराचे तसेच. सपाट रस्त्यावर एका स्थिर वेगाने जाताना, वेग फारसा वाढणार नाही इतपत पण ठामपणे थ्रॉटल उघडा, किंवा चढावर तोच प्रयोग करा. आरपीएम तेच राहून आवाज एकदम मोठा झाला, तर तो वायूचा असण्याची शक्यता जास्त, कारण भार वाढला की सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब वाढतो. टॅपेटला भाराशी फारसे देणेघेणे नसते, तो आरपीएमच्या मागे जातो.

आता नळी आणि स्क्रू ड्रायव्हर. बोटाएवढ्या जाडीची, सुमारे मीटरभर लांबीची रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरे टोक थंड इंजिन सुरू करताच सांध्याभोवती, साधारण दोन सेंटिमीटर अंतरावरून, सावकाश फिरवा. नळी तापलेल्या पाइपाला टेकू देऊ नका. गळती असेल तर एका विशिष्ट जागी आवाज अचानक कानात फुंकर मारल्यासारखा येतो आणि नळी दोन बोटे बाजूला नेली की तो विरतो. यानंतर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक हेड कव्हरवर, टॅपेटच्या जागेजवळ टेकवा आणि मुठीवर कान लावा. चेन आणि फिरणारे भाग यांपासून दूर राहा आणि सैल कपडे घालू नका. स्क्रू ड्रायव्हरमधून धातूतला आवाज येतो, नळीतून हवेतला. टॅपेट वाजत असेल तर स्क्रू ड्रायव्हरमधून ठणठणीत ठोका ऐकू येतो. गळती असेल तर स्क्रू ड्रायव्हर जवळजवळ गप्प राहतो आणि नळी बोलते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला की बारीक, कोरडी टिकटिक येतेच, तिला दोष समजू नये.

हा क्रम मी अक्कलखाती रक्कम जमा करून शिकलो. एका गाडीच्या टिकटिकीपायी मी हेड कव्हर काढले, क्लिअरन्स (टॅपेटजवळची ठरावीक फट) मापात होता तरी पुन्हा सेट केला, कॅमचे लोब (व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे) भिंग लावून पाहिले, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर काढून घातला, आणि गाडी पहिल्यासारखीच वाजत राहिली. शेवटी बेंड पाइपच्या फ्लँजकडे नीट पाहिले तेव्हा दिसले की एका नटाच्या बाजूला फ्लँज आणि हेड यांच्यातले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर होते आणि दुसऱ्या बाजूला जवळपास चार. कोणीतरी एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळले होते, त्यामुळे गास्केट (सांधा घट्ट करणारी, दाबली जाणारी कडी) तिरके दाबले गेले होते. ज्या बाजूला फट होती तिथे हेडच्या पंखांवर काळ्या काजळीचा नखाएवढा पंखा उमटला होता. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता. मी वाकून पाहिले नव्हते.

म्हणून कानाच्या आधी डोळा वापरावा, असे आता मी म्हणेन. गाडी पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन हेडचा सांधा, बेंड पाइप आणि सायलेन्सर यांचा सांधा, ऑक्सिजन सेन्सरची जागा आणि जिथे जिथे ब्रॅकेट वेल्ड केलेले आहेत त्या जागा पाहा. काजळीची रेघ किंवा काळा फराटा ही गळतीची सही असते. गंजाचा डाग आणि काजळी यांत गोंधळ होऊ देऊ नका: काजळी बोटाला लागते आणि पुसली जाते, गंज खरवडावा लागतो. सायलेन्सरच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी मुद्दाम ठेवलेले बारीक भोकही कित्येक गाड्यांना असते आणि त्यातून थोडा वायू येणे व पाणी ठिबकणे हे ठरलेलेच आहे. ते भोक गळती समजून वेल्ड करून बुजवलेले मी पाहिले आहे. पुढे तो सायलेन्सर आतून सडतो.

डोळ्यांना काही दिसले नाही तर सायलेन्सरचे तोंड क्षणभर बंद करण्याची जुनी युक्ती आहे. ही तपासणी उघड्या जागीच करावी, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. थंड गाडी सुरू करा, जाड हातमोजा घाला आणि ओल्या, घडी केलेल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरा. यंत्रणा घट्ट असेल तर दाब झपाट्याने वाढून इंजिन गुदमरू लागते. ते निवांत चालत राहिले आणि कुठूनतरी फुसफुस ऐकू आली, तर वायूला दुसरी वाट सापडली आहे. फडके जास्त वेळ धरू नका आणि चेहरा सायलेन्सरच्या रेषेत ठेवू नका.

माझ्या मते सर्वांत खात्रीची कसोटी मात्र इंजिन बंद असतानाची आहे. व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू, किंवा कमी दाबाचा ब्लोअर, सायलेन्सरच्या तोंडाला लावा आणि भोवती फडके गुंडाळून फट बंद करा. कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची हवा इथे नको. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील आणि हवा सिलिंडरमार्गे इनटेककडे निसटणार नाही. मग भांडी घासण्याचा द्रव पाण्यात मिसळून प्रत्येक सांध्यावर, वेल्डवर आणि ब्रॅकेटच्या मुळाशी फवारा. जिथे गळती आहे तिथे बुडबुड्यांचा पांढरा फेस फुलू लागतो आणि केसाएवढी चीरही लपत नाही. एका गाडीत बेंड पाइपच्या ब्रॅकेटमागे, वेल्डच्या कडेने गेलेली चीर स्टँडवर काही केल्या ऐकू येत नव्हती. रस्त्यावर भार आला की पाइप किंचित वाकून ती उघडत असे. साबणाच्या पाण्याने ती मिनिटभरात दाखवली.

ब्लोअर लावलेला असतानाच आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. अनेक गाड्यांत एअर फिल्टरकडून एक्झॉस्ट पोर्टकडे ताजी हवा नेणारी नळी असते, जिला मेकॅनिक मंडळी पेअर व्हॉल्व्ह किंवा एसएआयची नळी म्हणतात. न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्येच जळून जावे यासाठी ही हवा सोडलेली असते आणि वायू उलटा येऊ नये म्हणून तिच्या वाटेत पातळ पात्यांचा रीड व्हॉल्व्ह बसवलेला असतो. ती नळी एअर फिल्टरच्या बाजूने सोडा. तिच्यातून ब्लोअरची हवा बाहेर येत असेल, तर रीडवर कार्बन बसला आहे किंवा पाते वाकले आहे. असा रीड आयडलवर चिवचिव किंवा फडफड करतो आणि तोही आवाज टॅपेटच्या खाती जमा होतो.

थ्रॉटल सोडल्यावरच्या फटफटीचा उलगडा इथेच होतो. एक्झॉस्टमध्ये नेहमी बाहेर ढकलणारा दाबच असतो, असा समज आहे, तो बरोबर नाही. प्रत्येक झोताची दाबलहर पाइपच्या उघड्या टोकापर्यंत जाते आणि तिथून ऋण दाबाची लहर होऊन परतते, त्यामुळे काही क्षण पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. ज्या फटीतून वायू बाहेर येत होता तिच्यातूनच आता हवा आत ओढली जाते. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमधले मिश्रण नीट जळत नाही. ते तापलेल्या पाइपात येते, तिथे त्याला ही ताजी हवा भेटते आणि ते पाइपातच भडकते. हलकी, अधूनमधून होणारी फटफट पुष्कळ गाड्यांत जन्मजात असते. पूर्वी नसलेली फटफट सुरू झाली तरच शोध घ्यावा, आणि त्या शोधात ताजी हवा नेणाऱ्या त्या नळीतला, थ्रॉटल सोडल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह व थ्रॉटल बॉडीच्या रबरी जोडातील चीर यांचाही समावेश करावा, कारण तिथून शिरणारी हवा मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) करून हाच परिणाम घडवते.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत आत ओढली जाणारी हवा आणखी एक घोळ घालते. फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू (इंधनाचे प्रमाण ठरवणारा गाडीतला संगणक) मिश्रण पातळ झाले असे समजून इंधन वाढवतो, आणि मग प्लग काळा पडतो, गाडी पेट्रोल जास्त पिते. अशा वेळी सेन्सर खराब ठरवून बदलला जातो आणि नवा सेन्सरही तेच सांगतो, कारण जुना खोटे बोलत नव्हता.

दुरुस्तीचा भाग वरवर सोपा आहे, पण गाड्या बिघडतात त्या इथेच. हेडच्या सांध्यातले गोल गास्केट एकदा दाबले गेले की त्याचा दबण्याचा गुण संपतो, म्हणून बेंड पाइप काढला की ते नवेच घालावे. जुने गास्केट पोर्टच्या तळाशी कार्बनने इतके एकजीव झालेले असते की ते हेडचाच भाग वाटते, आणि नवे त्याच्यावर चढवले जाते. मग दोन कड्या एकमेकींवर बसतात, फ्लँज पुढे राहतो, नटाला आटे कमी मिळतात आणि महिन्याभरात टिकटिक परत येते. पोर्टमध्ये टॉर्च मारून वाकड्या टोकाच्या हुकाने कडा चाचपा. हुक अडकला तर ती कडी आहे. ती काढताना ॲल्युमिनियमवर ओरखडा उठणार नाही इतकी सावकाशी हवी.

नट सोडताना घाई नको. स्टड (हेडमध्ये बसवलेले आटेदार दांडे) वर्षानुवर्षे तापून गंजलेले असतात आणि हेडच्या आत तुटलेला स्टड काढणे हे या सगळ्या कामाच्या कितीतरी पट मोठे काम आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, नट थोडा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. करकर वाढली तर थांबून पुन्हा तेल द्या. बसवताना सर्व नट-बोल्ट आधी हातानेच लावून पाइप आपल्या जागी मोकळा बसू द्या, मग हेडचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, त्यानंतर सायलेन्सरचा क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी फ्रेमचे ब्रॅकेट. आधी ब्रॅकेट आवळले तर पाइप ताणात राहतो आणि तो ताण सांध्यावर किंवा वेल्डवर निघतो. टॉर्कसाठी गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. अंदाज म्हणून सांगायचे तर 6 मिलिमीटरच्या स्टडला 10 ते 12 आणि 8 मिलिमीटरच्या स्टडला 20 न्यूटन-मीटरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे लांब पान्याने अंग टाकून आवळण्याइतका मुळीच नाही. दोन-तीनदा गाडी तापून थंड झाली की थंड अवस्थेतच नट पुन्हा तपासा, कारण नवे गास्केट थोडे बसते.

सायलेन्सर पेस्टबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. बेंड पाइप सायलेन्सरमध्ये सरकतो त्या सांध्यावर ती चालते, पण हेडच्या सांध्यावर ती गास्केटची जागा घेऊ शकत नाही, आणि सिलिकॉनचे सीलंट ऑक्सिजन सेन्सरला बाधते.

आवाज वायूचा आहे पण एक्झॉस्ट घट्ट आहे, असेही घडते. सैल स्पार्क प्लगच्या बुडातून कॉम्प्रेशन गळते तेव्हा अशीच तीक्ष्ण टिकटिक येते. थंड इंजिनावर प्लगच्या मुळाशी साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडून गाडी सुरू केली की बुडबुडे साक्ष देतात. तापलेल्या प्लगवर पाणी टाकू नये, चिनी माती तडकते. प्लगच्या वायरमधून ठिणगी बाहेर उडत असेल तर तिचाही टिकटिकाट होतो, आणि तो अंधारात गाडी सुरू केली की निळसर ठिणगीच्या रूपात दिसतोच.

विशिष्ट आरपीएमलाच उठणारी आणि पुढे जाताच विरणारी झणझण बहुधा हीट शील्डची असते. लाकडी काठीने शील्ड दाबून धरल्यावर ती थांबली तर शोध संपला. थंड सायलेन्सरवर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत काही खुळखुळले, तर आतला पडदा सुटला आहे. न्यूट्रलमध्ये येणारी खडखड क्लच दाबताच बदलली तर क्लचच्या बाजूला पाहावे. या सगळ्यांत वेळ काढता येतो. वेळ काढता येत नाही तो खोलवरून येणाऱ्या, भार दिला की जड होणाऱ्या ‘ठक-ठक’ आवाजाला: कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा तो आवाज असू शकतो, आणि तसा संशय आला तर गाडी चालवत न्यायची नाही, उचलून न्यायची.

आता तुमच्या टायमिंग चेनकडे परत येऊ. गास्केट बदलून, साबणाच्या पाण्याने खात्री करूनही चेनच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर टेकवल्यावर खडखड ऐकू येत असेल, आणि ती आयडलवर किंवा थ्रॉटल सोडताना वाढत असेल, तर चेनआधी टेन्शनर तपासा. दातेरी पट्टीचा टेन्शनर असेल तर तो काढताना त्याचा दांडा किती दाते बाहेर आला आहे ते मोजून ठेवा: अगदी शेवटच्या दात्यांवर असेल तर चेन खरोखर लांबली आहे, मधेच अडकला असेल तर चेन ठीक असून टेन्शनरच काम करत नाही. तो बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवू नका, कारण सैल चेन स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) एखाद्या दातावरून उडी मारते. आणि दांडा पूर्ण आत घेतल्याशिवाय टेन्शनर बसवून बोल्ट आवळू नका.